लाकूड-काँक्रीटची भिंत ओलावते तेव्हा तिच्या उष्णतारोधाचे काय होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लाकडाच्या ढलप्या आणि सिमेंट यांपासून केलेल्या ठोकळ्यांची ३० सेंटिमीटर जाडीची भिंत आहे. ठोकळ्यांच्या माहितीपत्रकात घनता ६०० किलो प्रति घनमीटर आणि औष्णिक वाहकता ०.१२ वॅट प्रति मीटर केल्विन दिली आहे. बांधकाम संपून पाच महिने झाल्यावर भिंतीच्या आतल्या बाजूला उष्णताप्रवाहमापक चिकटवून तीन दिवस नोंदी घेतल्या, तर वाहकता ०.२० निघाली. ठोकळ्यांत खोट आहे, मोजणी चुकली, की ओलाव्याने एवढा फरक पडू शकतो?

पडू शकतो. या प्रकारच्या मालाच्या चाचण्या मी बरीच वर्षे केल्या आहेत आणि ०.१२ चे ०.२० झालेले पाहून आता मला आश्चर्य वाटत नाही. माहितीपत्रकातला आकडा बहुतेक वेळा खरा असतो, पण तो ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवलेल्या नमुन्याचा असतो. इतकी कोरडी अवस्था उभ्या भिंतीच्या वाट्याला कधीच येत नाही. तरीही तुमच्या बाबतीत सगळा दोष ओलाव्याच्या माथी मारण्याआधी आणखी एक हिशेब करावा लागेल. तो शेवटी करू, कारण ओलाव्याचा वाटा किती हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागणार नाही.

आधी हा माल आतून कसा असतो ते बघू. ६०० किलोच्या एका घनमीटरमध्ये समजा २४० किलो कोरडे लाकूड आणि ३६० किलो घट्ट झालेले सिमेंट आहे. झाड कोणतेही असो, लाकडाच्या पेशीभित्तीची स्वतःची घनता साधारण १,५०० असते. म्हणजे २४० किलो लाकडाचा भरीव भाग भरतो जेमतेम ०.१६ घनमीटर. सिमेंटचा भरीव भागही जवळपास तेवढाच. उरलेला दोन-तृतीयांश घनमीटर म्हणजे पोकळी. त्यात लाकडाच्या पेशींच्या नळ्या आल्या, सिमेंटमधली अतिसूक्ष्म छिद्रे आली आणि दोन ढलप्यांमधल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या फटीही आल्या. उष्णता अडवण्याचे खरे काम ही पोकळी करते.

आता त्या पोकळीत काय आहे यावर सगळे ठरते. स्थिर हवेची वाहकता ०.०२६ आहे, पाण्याची ०.६, म्हणजे तेवीस पट, आणि बर्फाची २.२. हवेच्या जागी पाणी आले की भिंतीचा रोध ढासळणार हे कोणालाही कळते. किती ढासळणार, हा प्रश्न मात्र दिसतो तेवढा सोपा नाही.

या बाबतीत सोव्हिएत संघाच्या १९७९ च्या इमारत-औष्णिकी नियमावलीतले आकडे मला अजूनही उपयोगी वाटतात. तिथे हा माल ‘आर्बोलिट’ या नावाने मोठ्या प्रमाणावर वापरला जात होता, त्यामुळे नियमावलीत त्याच्यासाठी स्वतंत्र ओळी आहेत. ६०० घनतेच्या आर्बोलिटची कोरडी वाहकता ०.१२, वजनाने १० टक्के ओलावा असताना ०.१८ आणि १५ टक्क्यांना ०.२३ धरायची. ८०० घनतेला हेच आकडे ०.१६, ०.२४ आणि ०.३०, ४०० घनतेला ०.०८, ०.१३ आणि ०.१६. तुमच्या ठोकळ्यांचे आकडे नेमके मधल्या ओळीत बसतात. या जोड्यांमधून वाढीचा दर काढला तर ओलाव्याच्या दर एका टक्क्याला वाहकता साधारण चार ते पाच टक्क्यांनी वाढते. वाढ चक्रवाढ धरावी. आयएसओ १०४५६ या मानकातही ओलाव्याची दुरुस्ती अशीच घातांकी सूत्राने करतात: दोन अवस्थांतल्या ओलाव्याचा फरक घ्यायचा, त्याला त्या मालाच्या गुणांकाने गुणायचे आणि तो घातांक म्हणून वापरायचा.

हा दर नुसत्या लाकडाशी ताडून पाहिला की गंमत कळते. मध्यम घनतेच्या लाकडात एक टक्का ओलावा वाढला तर आडव्या दिशेची वाहकता दीड ते दोन टक्केच वाढते. म्हणजे लाकूड-काँक्रीट ओलाव्याला लाकडाच्या दुपटीहून जास्त संवेदनशील आहे. सिमेंट तर स्वतः लाकडापेक्षा कमी पाणी धरते, मग हे कसे?

याचे उत्तर पाणी कुठे जाऊन बसते यात आहे. लाकडात शिरणारे पहिले पाणी पेशीभित्तीत मुरते. ते तंतूंना रासायनिक ओढीने बांधलेले असते आणि पोकळीला हात लावत नाही. साधारण २८ ते ३० टक्के ओलाव्याला, म्हणजे तंतुसंपृक्तता बिंदूला, पेशीभित्ती तृप्त होतात आणि मगच नळ्यांमध्ये मोकळे पाणी साचू लागते. म्हणून बांधकामातल्या नेहमीच्या ओलाव्याला नुसत्या लाकडाची पोकळी कोरडीच राहते. लाकूड-काँक्रीटमध्ये मात्र ढलपी आणि ढलपी, ढलपी आणि सिमेंटचा कण असे लाखो सांधे असतात. कोरड्या मालात हे सांधे टोकाटोकाने टेकलेले असतात आणि उष्णतेला त्या अरुंद वाटेने जावे लागते. ओलावा वाढला की केशाकर्षणाने पाणी सर्वांत आधी नेमक्या याच चिंचोळ्या कोपऱ्यांत ओढले जाते आणि प्रत्येक सांध्याभोवती त्याची एक कॉलर तयार होते. घनफळाने हे पाणी नगण्य, पण ते उष्णतेच्या वाटेतली सर्वांत कठीण जागा बुजवते.

हे नुसते चित्र रंगवणे नाही, हिशेबातही ते दिसते. ६०० घनतेला १५ टक्के ओलावा म्हणजे घनमीटरमागे ९० किलो पाणी, म्हणजेच ९ टक्के घनफळ. हे पाणी उष्णतेच्या दिशेने सरळ उभ्या खांबासारखे रचले आहे असे मानले तर वाहकतेत भर पडेल ०.०९ गुणिले (०.६ वजा ०.०२६), म्हणजे ०.०५२. एकूण ०.१७. हवेच्या जागी पाणी ठेवताना लाकूड-सिमेंटच्या आधीच्या सांगाड्याला स्पर्श न करता मिळू शकणारी ही मोठ्यात मोठी बेरीज आहे. नियमावली मात्र ०.२३ सांगते. त्यातले थोडे सुरक्षेसाठी चढे धरले असेल असे माझे मत आहे, पण सगळे नक्कीच नाही. प्रत्यक्ष मोजणीतही ०.१७ च्या वरचे आकडे येतात. हा वरचा फरक दोन ठिकाणांहून येतो. एक, पाण्याने सांधे जोडल्यामुळे आधीचा सांगाडाच उष्णता जास्त वाहू लागतो. दुसरे ठिकाण आहे वाफ.

वाफेबद्दल इमारतीच्या क्षेत्रातले लोक फार कमी बोलतात, म्हणून इथे जरा थांबतो. ओल्या छिद्राची एक बाजू किंचित गरम आणि दुसरी किंचित थंड असली की गरम बाजूचे पाणी उडते, वाफ छिद्र ओलांडते आणि थंड बाजूला पुन्हा पाणी होते. जाताना ती दर किलोमागे सुमारे २,४५० किलोज्यूल अप्रकट उष्मा सोबत नेते. छिद्राची लांबी मिलिमीटरभरही नसली तरी हा पंप चालू असतो. २० अंश सेल्सियसला, भिंती पूर्ण ओल्या असलेल्या छिद्रात, या पंपाची भर साधारण ०.०६ इतकी पडते. म्हणजे हवेच्या स्वतःच्या वहनाच्या दुपटीहून जास्त! तापमान चढेल तशी ही भर झपाट्याने वाढते, कारण संपृक्त वाफेचे प्रमाण तापमानाबरोबर घातांकी वाढते. ६० अंशांच्या आसपास तर ओले छिद्र जवळजवळ पाण्याने भरल्यासारखे उष्णता वाहते, आत हवा असूनही. उन्हात तापलेल्या गडद रंगाच्या बाह्य पृष्ठभागाजवळ हे तापमान अशक्य नाही. त्यामुळे ओल्या लाकूड-काँक्रीटची ‘एक’ वाहकता सांगणे मला तांत्रिकदृष्ट्या अर्धवट वाटते. ओलाव्यासोबत तापमानही सांगायला हवे. कोरड्या नमुन्यात तापमानाचा परिणाम किरकोळ असतो, ओल्यात तो तसा राहत नाही.

दिशेचाही थोडा फरक पडतो. ठोकळे दाबून किंवा ठोकून भरताना ढलप्या दाबाच्या दिशेला आडव्या पडतात. लाकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा दीड ते पावणेतीन पट उष्णता वाहते, आणि पाणीही त्याच दिशेने सहज ओढते. म्हणून ठोकळा भिंतीत कोणत्या अंगाने बसवला आहे आणि प्रयोगशाळेत नमुना कोणत्या अंगाने कापला होता, हे विचारून घ्यावे.

टक्केवारीबद्दल एक सावधगिरी. ओलावा वजनाने सांगितला आहे की घनफळाने, हे न पाहता लोक आकडे एकमेकांशी जुळवतात. १५ टक्के वजनी ओलावा म्हणजे ६०० घनतेला ९ टक्के घनफळ, पण ४०० घनतेला फक्त ६. काँक्रीटवाले बहुधा घनफळात बोलतात, लाकूडवाले वजनात, आणि हा माल दोघांच्या मधला असल्याने घोळ ठरलेला.

आता उष्णता साठवण्याकडे वळू. इथे त्या जुन्या नियमावलीवर माझी एक तक्रार आहे. तिच्यात आर्बोलिटचा विशिष्ट उष्मा २.३ किलोज्यूल प्रति किलो केल्विन दिला आहे, लाकडाला दिला आहे तोच. निम्म्याहून जास्त वजन सिमेंटचे असताना हे कोरड्या मालाला लागू होणे कठीण आहे. कोरड्या लाकडाचे १.३ आणि घट्ट सिमेंटचे ०.८५ धरले तर आपल्या ६०० च्या मिश्रणाला २४० गुणिले १.३ अधिक ३६० गुणिले ०.८५, म्हणजे घनमीटरमागे सुमारे ६१८ किलोज्यूल प्रति केल्विन मिळतात. किलोमागे साधारण १.०. त्यात १५ टक्के ओलावा घाला. ९० किलो पाणी, किलोमागे ४.१९, म्हणजे आणखी ३७७. एकूण ९९५. वाहकता ९२ टक्के वाढली तेव्हा साठवणक्षमताही ६१ टक्के वाढली.

या दोन वाढींचा एकत्र परिणाम बघण्यासारखा आहे. तापमानाची लाट भिंतीतून किती वेगाने सरकते ते वाहकता भागिले साठवणक्षमता या प्रमाणावर, म्हणजे औष्णिक विसरणशीलतेवर ठरते. कोरड्या मालाला ती सेकंदाला १.९ गुणिले १० चा उणे सातवा घात चौरस मीटर येते, ओल्याला २.३. वाढ फक्त १९ टक्के. दिवस-रात्रीची लाट कोरड्या भिंतीत सुमारे ७.३ सेंटिमीटरवर एक-तृतीयांशाच्या थोडी वर उरते, ओल्यात ८ सेंटिमीटरवर. ३० सेंटिमीटर पार करायला आदर्श हिशेबाने कोरड्या भिंतीला साडेपंधरा-सोळा तास लागतात, ओलीला साडेचौदा. घरात राहणाऱ्याला हा फरक जाणवणारच नाही. दुपारचे ऊन आत उशिराच पोहोचेल, आणि तो म्हणेल की भिंत अगदी छान काम करते आहे. पण आत-बाहेर तापमानात कायमचा फरक असतो तेव्हा साठवण हिशेबातून बाहेर पडते आणि उरते ती निव्वळ वाहकता. ०.१२ ला ३० सेंटिमीटरचा रोध (मीटरमधली जाडी भागिले वाहकता) २.५, पृष्ठभागांचा ०.१७ मिळवून भिंतीतून जाणारी उष्णता चौरस मीटरला दर अंशामागे ०.३७ वॅट. ०.२३ ला तीच ०.६८. ऐंशी टक्के जास्त गळती, आणि लाटेच्या वागण्यात तिचा मागमूस नाही. मला वाटते, या मालाबद्दल ‘राहून पाहिले, चांगला आहे’ आणि ‘मोजून पाहिले, वाईट आहे’ अशी परस्परविरोधी मते ऐकू येतात त्याचे एक कारण हेच असावे.

हाताला मात्र फरक कळतो. वाहकता आणि साठवणक्षमता यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ कोरड्यासाठी सुमारे २७० आणि ओल्यासाठी ४८० येते. कोरडा ठोकळा हाताला लाकडासारखा उबदार लागतो, ओला चांगलाच गार. भिंतीचा एखादा पट्टा बाकीच्यांपेक्षा गार लागत असेल तर तिथे आधी ओल शोधा.

तुमची भिंत पाच महिन्यांची आहे, म्हणून वाळण्याचा मुद्दा महत्त्वाचा. ठोकळे भरताना सिमेंटच्या गरजेपेक्षा बरेच जास्त पाणी घालावे लागते, कारण कोरड्या ढलप्या ते पिऊन टाकतात. समजा बांधकामाच्या वेळी घनमीटरमागे २०० किलो जादा पाणी होते. ३० सेंटिमीटर भिंतीच्या एका चौरस मीटरमागे ते ६० किलो झाले. ते उडवायला १४७ मेगाज्यूल, म्हणजे जवळपास ४१ किलोवॅट-तास उष्णता लागते. ही उष्णता घरातून किंवा बाहेरच्या हवेतून येते आणि तुमच्या मापकातून जाताना ‘गळती’ म्हणून नोंदली जाते. वाळत असलेल्या भिंतीवर केलेली मोजणी म्हणूनच दुहेरी फसवते. वाहकता खरोखर वाढलेली असते, आणि वरून बाष्पीभवनाचा खर्चही तिच्याच खात्यावर पडतो.

वाळून वाळून भिंत कुठे थांबेल? हवेतल्या आर्द्रतेशी जुळते तिथे. २० अंशांना ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, ८० टक्क्यांत १६ च्या. आपल्या मिश्रणात लाकडाचे वजन ४० टक्के आहे, तेव्हा ६५ टक्के आर्द्रतेला नुसत्या लाकडाकडून जवळपास पाच टक्के येतात, सिमेंटच्या सूक्ष्म छिद्रांतले पाणी वेगळे. शिवाय ओल्याकडून कोरड्याकडे जाणारी भिंत त्याच आर्द्रतेला, कोरड्याकडून ओल्याकडे जाणाऱ्या भिंतीपेक्षा जास्त पाणी राखून ठेवते. तुमची भिंत पहिल्या प्रकारची आहे.

यात एक छुपा भिडू असतो, तो म्हणजे क्षार. लाकडातली साखर सिमेंटला घट्ट होऊ देत नाही, म्हणून ढलप्यांवर आधी प्रक्रिया करतात. कोणी चुना वापरतो, कोणी ॲल्युमिनियम सल्फेट, कोणी सोडियम सिलिकेट आणि बरेच जण कॅल्शियम क्लोराइड. शेवटचे स्वस्त आणि परिणामकारक आहे, पण ते सुमारे ३० टक्के आर्द्रतेपासूनच हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळू लागते. त्याचा बराच भाग सिमेंटशी बांधला जातो हे खरे. जो मोकळा उरतो तो मात्र भिंतीला कायम थोडी ओलसर ठेवतो. दोन ठोकळ्यांची घनता तीच, लाकूड तेच, पण एक नेहमी दीड-दोन टक्के जास्त ओला, असे दिसले की मी पहिली चौकशी क्लोराइडची करतो. ज्यांना दमट हवेत हा माल वापरायचा आहे त्यांनी पुरवठादाराला हा प्रश्न विचारावाच.

थंड प्रदेशातल्यांसाठी थोडे. पोकळीतले मोकळे पाणी गोठले की ०.६ चे २.२ होते, आणि गोठताना किलोमागे ३३४ किलोज्यूल बाहेर पडतात. पेशीभित्तीतले बांधलेले पाणी आणि सिमेंटच्या अतिसूक्ष्म छिद्रांतले पाणी मात्र शून्य अंशाला गोठत नाही. म्हणून बेताच्या ओलाव्याच्या भिंतीत शून्याखालीही वाहकतेची उडी दिसत नाही. दिसली तर भिंत फारच ओली आहे असे समजावे.

मोजणीबद्दल माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात मी १८ टक्के ओलाव्याचा नमुना प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेहमीच्या हॉट प्लेट यंत्रात लावला. गरम आणि थंड पाट्यांमध्ये २० अंशांचा फरक ठेवला होता. पहिल्या काही तासांचा आकडा चढा, मग तो उतरत गेला, आणि दुसऱ्या दिवशी इतका छान स्थिर झाला की मी समाधानाने तो नोंदवून टाकला. नमुना बाहेर काढून चिरला तेव्हा गरम बाजू हाताला कोरडी आणि थंड बाजू चिंब! एकूण पाणी एक ग्रॅमही कमी झाले नव्हते, पण ते सगळे एका बाजूला जाऊन बसले होते. मी मोजली होती एका कोरड्या आणि एका ओल्या थराची मालिका, आणि तिला १८ टक्क्यांची वाहकता म्हणत होतो. तेव्हापासून ओल्या नमुन्यासाठी मी काही मिनिटांत आटोपणारी पद्धत वापरतो, तापत्या तारेची किंवा तापत्या चकतीची. तीत तापमान एक-दोन अंशच वाढवावे लागते आणि पाण्याला पळायला वेळ मिळत नाही. ढलप्या मोठ्या असल्याने एका जागच्या वाचनावर विसंबू नये, पाच-सहा ठिकाणी लावून सरासरी घ्यावी. पाटी-यंत्रच वापरायचे तर तापमानातला फरक कमी ठेवावा, आणि चाचणीनंतर नमुन्याचे थर करून प्रत्येक थराचा ओलावा वेगळा काढावा.

ओलावा काढायचा तो वजन करून. टोचण्याचे विजेरी मापक लाकडासाठी जुळवलेले असते. सिमेंटमधल्या क्षारांमुळे ते या मालात वाटेल ते दाखवते. दोन जागांची तुलना करायला ते ठीक, आकडा म्हणून नोंदवायला नाही. भिंतीतून नमुना काढताना वेगाने फिरणारे ड्रिल वापरू नका, त्याच्या उष्णतेने चुरा तिथेच वाळतो. छिन्नीने तुकडा काढावा, लगेच हवाबंद पिशवीत घालावा आणि तिथल्या तिथे वजन करावे. वाळवताना लाकडाची रीत १०३ ते १०५ अंशांची आहे. त्या तापमानाला सिमेंटच्या काही संयुगांतले पाणीही निघते, त्यामुळे आकडा थोडा चढा येतो. चालेल, फक्त दर वेळी तेच तापमान ठेवा आणि अहवालात लिहा.

आता शिल्लक ठेवलेला हिशेब. तुमचे ०.२० हे ठोकळ्याचे नाही, भिंतीचे आहे. भिंतीत ठोकळ्या-ठोकळ्यांमधले मसाल्याचे सांधे आहेत. ठोकळा २० सेंटिमीटर उंच आणि आडवा सांधा एक सेंटिमीटरचा धरला तर क्षेत्रफळाचा जवळपास ५ टक्के भाग साध्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा होतो. त्याची वाहकता ०.९ च्या आसपास. ०.०५ गुणिले ०.९ अधिक ०.९५ गुणिले ०.१२, उत्तर ०.१६. म्हणजे ठोकळे हाडासारखे कोरडे असते तरी सांध्यांमुळेच ०.१२ चे ०.१६ झाले असते. उभे सांधे यात धरलेलेच नाहीत.

यामुळे ओलाव्याचा अंदाज पार बदलतो. सांधे विसरून ०.१२ वरून थेट ०.२० ला गेलो तर टक्क्याला ४.२ च्या दराने ओलावा १२ टक्के निघतो, आणि पाच महिन्यांनी तो काळजी करण्याजोगा आहे. सांधे वजा केले तर ठोकळ्यांच्या वाट्याला ०.१६३ येते आणि ओलावा सुमारे सात टक्के. सात टक्के म्हणजे भिंत जवळजवळ तिच्या नैसर्गिक मुक्कामाला पोहोचली आहे. एकाच मोजणीतून दोन वेगळी निदाने निघतात, आणि कोणते खरे ते फक्त तुकडा काढून वाळवल्यावरच कळेल. आतल्या पृष्ठभागापासून ५, १५ आणि २५ सेंटिमीटरवर असे तीन तुकडे काढा, सांध्यापासून दूर.

तिन्ही ठिकाणी सात-आठ निघाले तर ठोकळे निर्दोष आहेत, मोजणीही. या घराच्या हिशेबात पुढे भिंतीसाठी ०.२० धरा. मध्यभागी बारा-पंधरा आणि कडांना कमी निघाले तर भिंत अजून वाळते आहे. तिला दोन्ही बाजूंनी श्वास घेऊ द्या. या मालाचा बाष्परोध हवेच्या पाचपटीच्या आसपास, म्हणजे फारच कमी असतो. चुन्याचा किंवा चुना-सिमेंटचा गिलावा त्याला चालतो. बाहेरून रबरी पापुद्र्याचा जलरोधक रंग मात्र या अवस्थेत अजिबात लावू नका, पाणी आत कोंडले जाईल. बाहेरचा तुकडाच सर्वांत ओला निघाला तर पाऊस कुठून शिरतो ते शोधा: भिंतीच्या पायाजवळ उडणारे शिंतोडे, खिडकीच्या खालची कड, गिलाव्यातल्या बारीक भेगा. त्या जागेचा ओलावा बराच काळ वीस टक्क्यांच्या वर राहिला तर प्रश्न वाहकतेपुरता उरत नाही. सिमेंटचा अल्कधर्मी गुण लाकडाला बुरशीपासून बरेच संरक्षण देतो, पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो वर्षानुवर्षे कमी होत जातो. आणि तिन्ही ठिकाणी चार-पाच टक्केच निघाले, तर मात्र ओलावा आणि सांधे मिळूनही ०.२० पुरते होत नाही. तेव्हा न वापरलेला एक ठोकळा वाळवून त्याची घनता तपासा. ६०० च्या नावाखाली ७५० चा माल आलेला मी पाहिला आहे, आणि ७५० ची कोरडी वाहकताच ०.१५ असते.

मापक पुन्हा लावाल तेव्हा त्याच जागी, सांध्यावर न येता ठोकळ्याच्या मध्यावर लावा, आणि शेजारी दुसरा सांध्यावर. तीन दिवस हा किमान काळ आहे. आत-बाहेरच्या तापमानात फरक मोठा आणि स्थिर असेल असा ऋतू निवडून दहा-बारा दिवस ठेवता आला तर उत्तम.